पुतण्याला पोलिसांत देऊ, की पुण्याला पाठवू?

पत्राचा सारांश: तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायती गावच्या महिला सरपंचांचं हे पत्र. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि काही तपशील गाळले आहेत. त्यांच्या थोरल्या दिरांचा मुलगा 22 वर्षांचा. पोलीस भरतीसाठी सांगलीत खोली घेऊन अकॅडमीत होता. मैदानी चाचणी निघाली, लेखीत थोडक्यात गेला. गावी परतला तो पार बदलून. रात्र रात्र जागा, दिवसा आडवा, जेवण तुटलेलं, गाल बसलेले, बसल्या जागी दात करकर चावतो, कुणी काही विचारलं की अंगावर धावून येतो. गेल्या महिन्यात धुण्यात टाकलेल्या पँटच्या खिशात जाऊबाईंना बारकी प्लॅस्टिकची पुडी सापडली, आत साखरेच्या चुऱ्यासारखे पांढरे खडे. जाऊबाईंनी ती घाबरून मोरीत ओतली. त्याच्या फोनवर रात्री एक-दोन वाजता कुणाला तरी पाठवलेले पाचशे, हजार, पुन्हा पाचशे. आधी नाही म्हणाला, मग रडला, मग कबूल झाला : एमडी, नशेची पावडर.

इकडे विट्याजवळ एमडीचा कारखाना सापडल्यापासून गाव तापलंय. येत्या ग्रामसभेत ठराव येणार आहे : नशा करताना जो सापडेल त्याला थेट पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, नाव चावडीवरच्या फलकावर लिहायचं आणि त्या घराला गावच्या कुठल्याही कार्यात बोलवायचं नाही. ताईंचे यजमान म्हणतात, दोन रात्री आत बसला की सरळ येईल. दीर म्हणतात, बोभाटा नको, पुण्याला मावशीकडे पाठवतो, वर्षभरात लग्न लावून देऊ. ताई विचारतात, ‘‘घरातलंच पोरगं लपवून मी त्या ठरावावर सही कोणत्या तोंडानं करू? की आधी त्यालाच पोलिसांत देऊन मग सही करू?’’

उत्तर :

ताई, सही-ठराव सगळं बाजूला ठेवा आणि एक काम आजच उरकून घ्या. ज्या घरात द्राक्षबाग त्या घरात बागेची औषधं. बुरशीनाशकं, कीटकनाशकं, अर्ध्या उरलेल्या बाटल्या, मोटारीच्या खोलीत नाहीतर शेडच्या फळीवर. एमडी घेणारं पोरगं ते बंद करतं तेव्हा पहिले काही दिवस नुसतं झोपतं. दारू सुटताना हात थरथरतात, उलट्या होतात, तसं यात फारसं दिसत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं, चला, सुटलं एकदाचं. पण मनानं ते नेमकं तेव्हाच सगळ्यात खचलेलं असतं. ती औषधं कुलपात घाला आणि किल्ली तुमच्या कमरेला लावा. ‘मला जगायचं नाही’ असं काही तो बोललाच, तर समजूत घालत बसू नका. एकटं न सोडता त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. रात्री-अपरात्री 14416 या नंबरवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचे समुपदेशक मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुमच्या पत्रात वाटा दोनच आहेत : पोलीस, नाहीतर पुण्याची मावशी. तुमचे यजमान आणि दीर एकमेकांच्या विरुद्ध बोलताहेत असं तुम्हाला वाटतंय, पण दोघांच्याही वाटेवर पोरगं डॉक्टरपर्यंत पोचतच नाही. एक त्याला शिक्षेत लपवतो, दुसरा नातेवाइकांत. सबंध पत्रात ‘उपचार’ हा शब्द एकदाच आला आहे, तोही ‘उपचाराला नेलं तर सगळ्यांना कळेल’ असा.

यजमानांचं म्हणणं आधी घेऊ, कारण गावातल्या शंभरातल्या नव्वद जणांचं तेच म्हणणं असणार. आत बसला की सरळ येईल. मला सांगा, या पोराला पोलिसांची भीती कमी होती का? ज्यानं वर्दीसाठी पहाटे उठून सोळाशे मीटर मारले, ज्याला एक गुन्हा नावावर लागला की भरती संपली हे अकॅडमीतल्या पहिल्या दिवसापासून पाठ आहे, त्यालाही ती भीती थांबवू शकली नाही. शिक्षेच्या धाकातली सगळ्यात मोठी शिक्षा त्याच्या डोळ्यांसमोर होतीच, तरीही रात्री दीड वाजता त्यानं पाचशे रुपये पाठवले. व्यसन लागलेल्या मेंदूला पुढच्या वर्षाचं दिसत नाही, पुढचा तास दिसतो. दोन रात्री आत बसवून त्या मेंदूत काय बदलणार, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आणि ‘आत’ म्हणजे तरी कुठे? सांगलीचा तुरुंग म्हटलं की आपल्याला वसंतदादांनी 1943 साली तिथून मारलेली उडी आठवते, छाती फुगते. आजच्या तुरुंगांत मात्र बहुतेक कच्चे कैदी असतात, खटला चालू असलेले. तुमचा पुतण्या तिथं गेला तर त्याच्या शेजारच्या चटईवर कोण असेल याचा विचार करा. ज्या माणसाला तो रात्री पैसे पाठवतो, त्याच्या वरचा माणूसही तिथं भेटू शकतो. ओळख वाढवायची असेल तर याहून सोयीची जागा नाही.

कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण गावात त्याबद्दल ऐकीव माहितीच फार आहे. 1985 चा एनडीपीएस कायदा नशेचे पदार्थ विकणाऱ्यालाच पकडतो असं नाही. नुसतं सेवन हासुद्धा गुन्हा आहे, कलम 27 खाली. पदार्थ कोणता यावर 6 महिने किंवा 1 वर्षापर्यंत कैद, 10 हजार किंवा 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जवळ माल सापडला तर सगळं वजनावर ठरतं. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते 2015 मध्ये या कायद्याच्या यादीत आलं. 2 ग्रॅमच्या आत असेल तर अल्प प्रमाण, शिक्षा 1 वर्षापर्यंत. 50 ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण, 10 ते 20 वर्षं आणि जामीन जवळपास दुरापास्त. मधल्या वजनाला 10 वर्षांपर्यंत.

हे आकडे पुतण्याला बसवून समजावून सांगा, कारण या पोरांचा एक समज असतो : आपण काय, पिणारे, विकणारे वेगळे. खोलीतली चौघं पैसे काढतात आणि एकजण जाऊन चौघांचं घेऊन येतो. त्याच्या हिशेबी ती मैत्री. कायद्याच्या हिशेबी त्या एकाच्या खिशात चौघांचा माल, 2 ग्रॅमची रेघ केव्हाच ओलांडलेली. शिवाय विकणारा त्यात काहीबाही मिसळून वजन वाढवतो, तेही धरलं जातं. शुद्ध किती आणि भेसळ किती असा हिशेब न करता सगळ्या मिश्रणाचं वजन मोजायचं, असा निर्णय सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये दिला. ‘जरा घेऊन ये’ या तीन शब्दांत पिणाऱ्याचा वाहक होतो. पुतण्यानं असं कधी आणून दिलंय का, हे तुम्ही विचारू नका. ते वकिलासमोर त्यालाच सांगू द्या.

याच कायद्यात एक कलम आहे, 64-अ. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा लागलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला आणि त्यानं सरकारी किंवा सरकारमान्य, नाहीतर स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मान्यतेच्या ठिकाणी उपचार घेतले, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. अट एकच : उपचार पुरे करायचे. अर्ध्यात सोडले तर ही सवलत काढून घेता येते. कलम 39 आणखी एक दार उघडं ठेवतं : दोषी ठरल्यावरही न्यायालय तुरुंगाऐवजी, त्याच्या संमतीनं आणि हमीपत्रावर, त्याला उपचाराला सोडू शकतं. म्हणजे ज्या कायद्याच्या नावानं तुमचं गाव पोरांना पोलिसांत द्यायला निघालंय, त्याच कायद्यानं उपचाराची वाटही आखून ठेवली आहे. ती वापरात फार येत नाही याचं कारण साधं आहे. अटक झालेल्या पोराला ती कुणी सांगत नाही. उलट कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी कानात सांगतं, ‘गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो.’ वडील पावती खिशात घालून सुटकेचा श्वास सोडतात. पण दंड भरला म्हणजे दोषी ठरला; ते पुढं चारित्र्य पडताळणीत निघतं. कुणाच्याही घरात अशी वेळ आली तर हे लक्षात ठेवा : कबुली द्यायच्या आधी वकिलाला ‘64-अ’ एवढंच विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळू शकतो.

तुमच्या पुतण्यावर आज कुठलाही गुन्हा नाही. त्यामुळे त्याला पोलिसांत न्यायचं, मग कलम 64-अ चा अर्ज करायचा आणि मग रुग्णालयात, असा द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ रुग्णालयात न्या. तिथल्या केसपेपरवर तारीख पडते, डॉक्टरांची नोंद होते. उद्या काही झालंच तर तो कागद त्याच्या बाजूनं बोलेल.

‘पण मी सरपंच आहे,’ तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. एनडीपीएस कायद्यात सरपंच हा शब्द खरोखरच येतो, कलम 47 मध्ये. गावात कुठं गांजा किंवा अफूची बेकायदा लागवड झाल्याचं कळलं तर सरपंचानं ताबडतोब खबर द्यायची, नाहीतर त्यालाही शिक्षा. त्याखेरीज गावपातळीवरच्या पदाधिकाऱ्यांवर काही गंभीर गुन्ह्यांची खबर देण्याची सर्वसाधारण जबाबदारी फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहे, आणि सेवनासारखी किरकोळ कलमं त्यात कशी बसतात यावर कोर्टांत वाद झालेले आहेत. म्हणून एका फौजदारी वकिलाशी एकदा बसून बोला. पुतण्यासाठी नव्हे, तुमच्या पदासाठी. मात्र त्या सल्ल्याची वाट बघत उपचार थांबवू नका. आजारी पोराला दवाखान्यात नेणं ही कुणाचीच लपवाछपवी होत नाही.

दिरांना लपवायचंय त्यामागं कारण आहे, त्यांना हसू नका. गावात एकदा नाव पडलं की पोराचं नाव विसरतात, ‘तो पावडरवाला’ एवढंच उरतं. पण पुण्यात मावशीच्या फ्लॅटमध्ये तो काय करणार? मावशी नोकरीला, हा दिवसभर एकटा, हातात फोन, आणि ज्या शहराच्या आसपास 2024 च्या फेब्रुवारीत एमडीचं एवढं मोठं प्रकरण निघालं, ते हेच पुणे. तेव्हा कुरकुंभच्या कारखान्यापासून आपल्या कुपवाडपर्यंत धागे आले होते. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यात इरळीला छापा टाकला, आणि 2025 च्या जानेवारीत विट्याजवळ कार्व्याची एमआयडीसी. जागा बदलून माल टळेल अशी जागा आता राहिलेली नाही.

मग न्यायचं कुठं? आधी मानसोपचार विभाग असलेलं सरकारी रुग्णालय. सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला एका एसटीच्या अंतरावर आहे. गोळी देऊन एमडी सुटत नाही, हेही आधीच सांगतो, म्हणजे पहिल्या फेरीनंतर निराश व्हायला नको. ब्राउन शुगरच्या व्यसनात बदली औषध देतात, तसं एमडीला नाही. डॉक्टर झोपेवर, उदासीवर, संशयावर औषध देतात. हो, संशय, एमडीच्या भरात ‘माझ्या मागावर कुणीतरी आहे’ असं पोरांना वाटायला लागतं, आणि अंगावर येण्यामागं पुष्कळदा तेच असतं. मूळ काम समुपदेशनाचं. आठवड्याला बसायचं, कधी कुणासोबत कशामुळे घ्यावंसं वाटतं ते शोधायचं, रात्रीचे तास भरायचे, पैसे हातात किती ठेवायचे ते ठरवायचं. सगळ्यांनाच दाखल व्हावं लागतं असंही नाही.

दाखल करायची वेळ आली तर केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवा. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली ‘परिवर्तन’, पुण्यात 1986 पासून चालणारं ‘मुक्तांगण’, अशा ठिकाणी कुटुंबालाही बोलावतात, घरच्यांशीही काम करतात. पण गल्लीबोळांत ‘व्यसनमुक्ती’च्या पाट्या लावलेली अशीही ठिकाणं निघालीत जिथं पोरांना रात्री घरातून उचलून नेतात, बांधून ठेवतात, मारतात. गाडीतून आलेली चार धिप्पाड माणसं आणि आगाऊ रोख मागणारा मॅनेजर दिसला की समजा, हे उपचार नव्हेत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नशेमुळे जडलेल्या मानसिक अवस्थाही येतात, आणि तो कायदा रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला सक्त मनाई करतो. केंद्राची नोंदणी मागा. नोंदणीचा कागद दाखवताना जो कुरकुर करतो तिथं पोरगं ठेवू नका. संमतीशिवाय दाखल करण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे, पण ती डॉक्टरांनी तपासून, ठरावीक अटींवर, मर्यादित दिवसांसाठी. मामा-काकांनी धरून नेऊन नव्हे. नशामुक्तीसाठी केंद्र सरकारचा 14446 हा नंबर आहे, जवळची मान्यताप्राप्त केंद्रं तिथं विचारता येतात.

आणि तो पुन्हा घेईल. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. बऱ्याच जणांच्या बाबतीत एकदा तरी होतं, आणि घरचे नेमके तिथं मोडतात. ‘एवढं केलं आणि यानं परत तेच’ म्हणून यजमान पुन्हा पोलिसांवर येतील. त्या दिवशी काय करायचं ते आजच ठरवून ठेवा : आरडाओरड नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओपीडी. माल देणाऱ्या माणसाची उधारी असेल तर दीर गुपचूप फेडायला जातील, तेही थांबवा. आधी वकील.

आता ठराव. इथं मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण एक घर सावरलं तरी तुमच्या सहीनं गावातली पाच-पंचवीस घरं बिघडू शकतात.

आपल्या भागातल्या बायकांनी दारूच्या दुकानाविरुद्ध आडव्या बाटलीला मतं दिली, ती आठवा. मतदान कशावर होतं? दुकान राहावं की जावं यावर. पिणाऱ्या नवऱ्याला पकडा, त्याचं नाव फलकावर लिहा, त्याच्या घरचं हळदीकुंकू बंद करा, असं त्या मतपत्रिकेवर नव्हतं. नवरा कुणाचा ना कुणाचा होताच, आणि त्याच्यासोबत राहायचं त्या बाईलाच होतं, म्हणून त्यांनी बरोब्बर दुकानावर शिक्का मारला. एमडी आल्यावर आपलं उलटं का झालं? दुकान दिसत नाही म्हणून? दिसत नाही हे खरं, पण मग शोधायचं दुकान सोडून आपण गिऱ्हाइकाच्या घरावर फलक लावायला निघालो.

फलकाचा परिणाम काय होईल ते तुमच्याच घरात बघा. जाऊबाईंनी पुडी मोरीत ओतली आणि तुम्हाला सांगितलं, कारण अजून ठराव झालेला नाही. उद्या ठराव झाला तर दुसरी आई पुडी ओतेल आणि कुणालाच सांगणार नाही. चौघांतला एकजण खोलीत बेशुद्ध पडला तर बाकीचे तिघं त्याला दवाखान्यात न नेता पळून जातील, कारण नेलं तर नाव फलकावर. भीती पसरवून माहिती मिळत नाही, ती आटते.

शिवाय ‘कार्यात बोलवायचं नाही’ हे कलम तुम्हालाच गोत्यात आणेल. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे, विधिमंडळानं 2016 मध्ये मंजूर केलेला. 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असा ठराव लिहून, वर सरपंचाची सही आणि शिक्का घेऊन कुणी तक्रार केली तर पुरावा शोधायला कुणाला लांब जावं लागणार नाही. ठराव आणणाऱ्या तरुणांना हे आधी एकट्यात सांगा, सभेत सर्वांसमोर नको. त्यांचा हेतू वाईट नाही, आणि चारचौघांत पाय ओढला की माणूस हट्टाला पेटतो.

कुणीतरी उठून म्हणेल, मग काय सोडून द्यायचं सगळ्यांना? शिक्षा नाही म्हणजे मोकळं रान, हा दुसरा समज. जगात दोन्ही बाजूंचे अनुभव आहेत. पोर्तुगालनं 2001 मध्ये स्वतःपुरता, साधारण 10 दिवस पुरेल एवढा माल जवळ बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. ते कायदेशीर केलं नाही. माल जप्त होतो आणि माणसाला कायदा, आरोग्य, समाजकार्य यांतल्या जाणकारांच्या एका छोट्या समितीपुढं जावं लागतं. विकणाऱ्याला तुरुंग होता तसाच ठेवला. सोबत उपचारांवर पैसा ओतला, आणि सुईनं नशा करणाऱ्यांमधला एचआयव्हीचा नवा फैलाव प्रचंड घटला. पुढं तो पैसा आखडल्यावर पोर्टो शहरात उघड्यावरच्या नशेच्या तक्रारीही आल्या. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानं 2020 च्या मतदानात तसंच काही करायचं ठरवलं. 100 डॉलरचा दंड, नाहीतर एक फोन करून तपासणी करून घ्यायची. फोन फारच थोड्यांनी केला. उपचाराचा पैसा उशिरा पोचला, तोवर फेंटानिल नावाची जीवघेणी नशा येऊन धडकली होती. 2024 मध्ये तिथं माल जवळ बाळगणं पुन्हा गुन्हा ठरलं. शिक्षा काढून त्या जागी काहीच ठेवलं नाही तर लोकांचा धीर सुटतो. माझं मत विचाराल तर सेवनासाठी कैद हे कलमच आपल्या कायद्यातून जायला हवं, पण तालुक्यात मानसोपचाराची ओपीडी नीट चालू करून मगच. केंद्र सरकारनं 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत दारूचं पक्कं व्यसन असलेल्या 38 जणांमागं एकालाच कसले तरी उपचार मिळाल्याचं दिसलं होतं. दारूची ही गत, तर एमडीची काय सांगायची.

तेव्हा ठरावाला विरोध करू नका, ठराव बदला. मी सुचवतो, भाषा ग्रामसेवकांकडून नीट करून घ्या : ‘‘गावातील कोणतीही व्यक्ती नशेच्या उपचारासाठी पुढे आल्यास तिचे नाव ग्रामपंचायत जाहीर करणार नाही. आशाताई व प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत अशा कुटुंबास जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचविण्यात येईल व गरजूंच्या प्रवासखर्चासाठी नियमानुसार तरतूद करण्यात येईल. विक्री, साठा अगर निर्मितीबाबत माहिती मिळाल्यास ती तत्काळ पोलिसांस देण्यात येईल. हद्दीतील शेड, पोल्ट्री, गोदाम, बंद कारखाना भाड्याने देताना जागामालकाने लेखी करार व भाडेकरूच्या ओळखीची कागदपत्रे ठेवावीत.’’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. माल बनवणाऱ्यांना आडबाजूची शेडं हवी असतात, आणि आपल्याकडं बाजारभावाच्या दर पडझडीनंतर रिकामी शेडं कमी नाहीत. कोण, कुठला, न विचारता चढ्या भाड्याला शेड देणारा आपलाच माणूस असतो. जाणूनबुजून जागा वापरू दिली तर कलम 25 खाली तोही आरोपी. ठरावावर हात वर करणाऱ्यांतच एखादा असा निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. विकणाऱ्याची खबर नाव न देता द्यायची असेल तर अमली पदार्थ नियंत्रण विभागाचा 1933 हा नंबर आहे. पुतण्या ज्याला पैसे पाठवतो त्याचा फोनमधला नंबर तुम्ही परस्पर पोलिसांत नेऊ नका. तो द्यायचा की नाही, कसा द्यायचा, हे त्यानं वकिलासोबत ठरवावं. तुम्ही परस्पर नेलात तर घरात त्याचा विश्वास बसेल असं एकही माणूस उरणार नाही, आणि आज ते माणूस तुम्ही आहात. आईला नाही म्हणाला, तुमच्यापुढं रडला, हे तुम्हीच लिहिलंय.

या ठरावावर तुम्ही सही करा. घरातलं पोरगं दवाखान्यात जातंय हे गावाला सांगायचं तुमच्यावर बंधन नाही. त्याला आणि जाऊबाईंना पुढं कधी सांगावंसं वाटलं तर ते सांगतील.

लग्नाबद्दल एवढंच. दिरांना स्पष्ट सांगा, आत्ता नाही. लग्न झालं की जबाबदारी येते आणि पोरगा सुधारतो, हे आपल्याकडं दारूच्या बाबतीत पिढ्यान्पिढ्या करून पाहिलंय आणि त्याची किंमत सुनांनी मोजलीय. तुम्ही स्वतः सून म्हणून या घरात आलात. किमान एक वर्ष नीट गेलं आणि समुपदेशकांनी होकार दिला, तर मुलीकडच्यांना सगळं सांगून मगच बोलणी करायची. न सांगता करायचं म्हणाले, तर सरपंच म्हणून नाही, चुलती म्हणून आडव्या पडा. आणि सोमवारी ओपीडीला जाताना दिरांना सोबत घ्या, यजमानांना नको. ते दवाखान्यातही त्याला दोन लावतील.